धुक्यात उतरलेला काटा

"मामा, इंजिनच्या तापमानाचा काटा बघा ना! पार वर चढलाय!" पुढच्या सीटवरून मुग्धा ओरडली.

नाताळच्या सुट्टीत रेणुकादासमामा तिला आणि धाकट्या आलोकला नांदेडहून औशाला, आपल्या घरी किल्ला दाखवायला नेत होते. मामांची मुलगी ऋतुजाही सोबत होती. अहमदपूर मागे पडलं आणि धुक्याने रस्ता गिळला. झाडं नाहीत, शेतं नाहीत, पुढे नुसती पांढरी भिंत!

"चढंना का! लई म्हातारी गाडी हाय, काटा उगं नाचतो," मामा हसले.

इतक्यात कुठूनतरी बारीक आवाज आला. स्सऽऽऽ! जणू कुणी दात दाबून श्वास सोडतंय. पाठोपाठ काहीतरी गोड करपल्याचा वास गाडीभर पसरला.

"ऋतुताई, बाहेर कुणी आहे का गं?" आलोकने तिचा दंड घट्ट धरला.

"गप रे!" ऋतुजा म्हणाली, पण तीही आलोककडे सरकली.

मुग्धाच्या पायांवर येणारी हीटरची ऊब अचानक गेली. गार फुंकर येऊ लागली. तिने काट्याकडे पाहिलं. तो हळूहळू खाली सरकत होता... सरकत सरकत अगदी तळाला जाऊन बसला!

"उतरला का न्हाई?" मामा खूश झाले.

मुग्धाच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. चालत्या गाडीचं तापलेलं इंजिन असं क्षणात गार केलं कुणी?

"मामा, हीटरला ऊब इंजिनच्या गरम पाण्यातून मिळते, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हाव."

"मग हीटर गार का पडला? काटाही पाण्याचीच उष्णता दाखवतो. पाणीच संपलं असेल तर तो मोजणार काय?"

"बास झाल्या शंका! औसा काही लांब न्हाई आता," म्हणत मामांनी वेग वाढवला.

मुग्धाने मागे वळून डोळा मिचकावला. ऋतुजाने लगेच पोट धरलं. "बाबा, उलटी होतेय! नव्या सीट कव्हरवरच होईल!"

कचकन ब्रेक लागला! मामांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. सगळं चिडीचूप. फक्त तापलेलं लोखंड टक्, टक् वाजत होतं आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघून धुक्यात मिसळत होती.

"आयला!" मामांनी बॉनेट उघडलं आणि फडकं घेऊन हात रेडिएटरच्या झाकणाकडे नेला.

"मामा, नको! भाजेल!" मुग्धा किंचाळली. आलोकने झडप घालून फडकं हिसकावलं आणि रस्त्याकडेच्या शेतात पळाला.

"ए आलोक! फडकं दे!" मामा त्याच्यामागे धावले.

"गाडी गार झाल्यावर देतो!" धुक्यातून आवाज आला.

तेवढ्यात फाट्कन काहीतरी फुटलं. जिथे क्षणापूर्वी मामांचा चेहरा होता, तिथून उरल्यासुरल्या उकळत्या पाण्याचा फवारा उडाला!

मामा दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

चाकूरहून आलेल्या गुरुलिंग मेकॅनिकने फाटलेला पाइप बदलला. "पाइप आधीपासून चिरलेला होता. तिथूनच वाफ शिट्टी घालत होती," तो म्हणाला. "थोडं अजून पळवली असती तर इंजिनच जाम!"

"गाडीखाली कूलंटचं हिरवं, गोडसर वासाचं पाणी ठिबकायचं खरं," मामा खालमानेने म्हणाले. "मीच चालढकल करून राहिलो होतो."

औशाला पोचल्यावर राजश्रीमामींनी सगळं ऐकलं आणि तिघांना जवळ ओढलं. "गाडी तुम्ही चालवली हो," त्या मामांना म्हणाल्या, "पण घरी आणलं ते या लेकरांनी!"

मामांनी आपल्या धडधाकट उजव्या हाताकडे एकदा पाहिलं. मग त्याच हाताने आलोकच्या पाठीवर अशी जोरदार थाप मारली, की तो मामींच्या अंगावरच आदळला!