ओढ्याच्या वळणावरच्या चार खुंट्या

"आणखी एकदा खुंट्या हलल्या, की काम बंद आणि माझी नोकरी गेली," इंजिनियरबाई वहिनींना म्हणाल्या.

रस्त्याखाली बुजवलेला ओढा पुन्हा मोकळा करायचं त्यांचं काम. पैसे मोजकेच. खुंट्या हलल्या की नव्या मोजणीत दिवस जाई आणि भाड्याचं मशीन नुसतं उभं राही. तीन दुपारी, माणसं जेवायला गेली असताना, ओढ्याची नवी वाट आखणाऱ्या वळणावरच्या चार खुंट्या आठ फूट सरकल्या होत्या, गॅरेजच्या बाजूला.

खासगी तपास करणाऱ्या वहिनी जागेवर गेल्या. मागोमाग त्यांचे दीर, भाऊजी, वही घेऊन. भाऊजींनी पोचताच गुन्हेगार ठरवूनही टाकला: गॅरेजवाला.

"मी?" गॅरेजवाला उखडला. "ओढा माझ्याच भिंतीला आणून चिकटवू?"

भाऊजींनी मुकाट्याने नाव खोडून कंत्राटदार लिहिलं.

"मशीन उभं राहिलं की निम्मं भाडं माझ्या बोकांडी बसतं, बाई," कंत्राटदार कळवळला. भाऊजींनी तेही खोडलं.

एवढ्यात इंजिनियरबाईंचे वडील रोजच्यासारखे लेकीचा जेवणाचा डबा घेऊन आले. निवृत्त गवंडी. "ओढ्यावरचा स्लॅब मीच टाकला होता," ते म्हणाले.

"खुंट्या हलवताना कोणी दिसलं, काका?" वहिनींनी विचारलं.

"नाही बुवा. आणि खाली नुसती मातीच आहे."

भाऊजींनी इमानेइतबारे टिपून घेतलं. वहिनी वाकून खुंट्या न्याहाळत होत्या. चारही ओळंब्यात, अगदी सरळ उभ्या, सारख्या अंतरावर.

साइटच्या खोलीत वहिनींनी सगळ्यांना बसवलं.

"खोडसाळ माणूस खुंट्या उपटून फेकतो. याने ओळंब्यात ठोकल्या, म्हणजे हात गवंड्याचा. जेवणाच्या वेळी इथे येतो कोण? डबा आणणारा. आणि काका, मी खुंट्यांचं विचारलं, तुम्ही खालचं सांगितलंत. काय आहे खाली?"

भाऊजींचं पेन थांबलं. त्यांना म्हातारबांकडे बघवेना.

"काँक्रीट," म्हातारबा म्हणाले. "जुना पूल पाडला, तेव्हा मलबा वाहून नेण्याचा खर्च वाचवायला सगळं तिथेच लोटलं. कागदावर 'साफ केलं' म्हणून सही माझी. आता तिथे खणलं तर महिनाभर फोडत बसावं लागेल, पोरीचे पैसे त्यातच संपतील. ओढ्याने त्याला वळसा घातला की ती सुटली."

"मग मला सांगायचंत ना, बाबा!"

"लहानपणी खोटं बोललीस म्हणून मी तुला मारलंय. कुठल्या तोंडाने सांगू?"

इंजिनियरबाईंनी डोळे पुसले आणि नकाशा पुढे ओढला. "कुठून कुठपर्यंत, ते दाखवा."

म्हातारबांनी नकाशावर चौकोन काढला. "तुझ्या साहेबांना काय सांगशील?"

"खरं तेच. तुम्ही चला बरोबर."

"चल," म्हातारबा म्हणाले, आणि उठण्यासाठी त्यांनी लेकीचा हात धरला.