लहानूचा रिलीव्हर

भिलाईच्या लोकांनी आधुनिक कलेला भरपूर नावं ठेवली, पण संग्रहालयातल्या एसीला कधी ठेवली नाहीत. रविवारी प्रवेश फुकट असे. दुर्गहून, रुआबांध्याहून माणसं पोराबाळांसकट यायची, एका मोठ्या निळ्या चौकोनासमोर उभी राहून 'हे तं आमची लहानी साक्षी पन काढंल' म्हणायची आणि गार होऊन घरी जायची. गीतांजली मेश्रामला त्याचं वाईट वाटत नसे. ती इथली क्युरेटर. संग्रहालय शहराचं आहे, शहरानं इथं यावं, हसावं, भांडावं, असं ती प्रत्येक भाषणात सांगे आणि ते तिला मनापासून पटतही होतं. लग्न तिनं केलं नव्हतं, भावंडं नव्हती. घरी म्हातारे बाबा, जानराव, आणि बाकी सगळा जीव या इमारतीत.

शहराला सामावून घ्यायचं म्हणूनच तिनं लोकांकडे वस्तू मागितल्या. कारखान्यात राबलेल्या माणसांचं घरात जे काही पडून असेल ते द्या, कलाकार त्यातून काम उभं करतील. गिरजाबाईनं नवऱ्याचं हेल्मेट, सेफ्टी शूज आणि जेवणाचा डबा आणून दिला. राजदीप नावाच्या शिल्पकारानं एका लोखंडी बाकावर डबा ठेवला, खाली बूट, आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बारीक तारेनं हेल्मेट टांगलं. मधे काहीच नाही. तरी पाहणाऱ्याला तिथं माणूस दिसे. रायपूरहून लोक मुद्दाम पाहायला आले.

बाकाशेजारी पाटी होती, इथल्या सगळ्या पाट्यांसारखी हिंदीत: 'अज्ञात श्रमिक'.

गीतांजलीला तो चांगला ज्ञात होता. लहानू वासनिक. बाबांच्याच जागेवर सकाळपाळी करायचा. दोनचा भोंगा झाला की जानराव जाणार आणि लहानू सुटणार. त्या कामावर एकच नेम होता, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग घरी काही का असेना. त्या दिवशी पाचवीतल्या गीताला चित्रकलेचं पहिलं बक्षीस होतं आणि तिनं बाबांचा हात सोडलाच नाही. जानराव उशिरा पोचले, तेव्हा लहानू बाकावर बसलेला होता. डबा शेजारी, तोंड दाराकडे. हृदय बंद पडलं होतं. घरी असता तरी गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. जानरावांना कुणी बोल लावला नाही.

पाटीवर नाव घातलं असतं, तर रुआबांध्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या कामगारांना तो दिवस आणि बाबांचा उशीर आठवला असता. 'नाव नको, तो कुणीही वाटला पाहिजे,' असं राजदीप म्हणाला आणि तिनं ते वरच्यावर झेललं. कारण ते सोयीचं होतं.

गिरजाबाईला वाचता येत नव्हतं. ती दर रविवारी यायची, विहारात शिरावं तशी दाराशी चपला काढायची आणि पाटीवर बोट ठेवायची.

"हेच नाव ना वं, बाई? लहानू?"

"हो, काकू."

पहिल्यांदा हे 'हो' म्हणताना गीतांजलीची कानशिलं तापली. पुढं पुढं ते सहज निघू लागलं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटू लागली. नवी पाटी करायला सांगायचं रोज ठरे आणि रोज राहून जाई.

एके दुपारी दालनाचा पहारेकरी चंपत जेवण अर्धं टाकून ऑफिसात आला.

"म्याडम, ते बूट कोन हलवते?"

"कुणाचं तरी पोरगं असेल."

"पोरगं नाई जी. मी समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवतो. दोनचा भोंगा झाला का ते दरवाज्याकडे वळलेले दिसते."

तिनं बाकाभोवती दोरी लावून घेतली. मग कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. बूट हलताना दिसले नाहीत. आधी भिंतीकडे होते, नंतर दाराकडे होते, एवढंच. रस्त्यावरून जड ट्रक जातात, जमीन हादरत असेल, असं तिनं चंपतला सांगितलं. हेल्मेटचा पट्टा ओला लागला, तेव्हा एसीचं दव असेल म्हणाली. पण बोटांना वास होता. बाबा ड्यूटीवरून आले की त्यांच्या बनियनला यायचा तो, खारट घामाचा. तिनं डब्याला हात लावला. तळ कोमट होता.

त्या रविवारी गिरजाबाईसोबत तिची नात आली. खुशबू, कॉलेजात जाणारी.

"दादी, इसमें दादाजी का नाम कहाँ है?" तिनं पाटी वाचून विचारलं. "अज्ञात श्रमिक लिखा है. मतलब, पता नहीं कौन."

गिरजाबाईनं पाटीवरचं बोट काढून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुले तं मालूम होतं, गीता."

'बाई'वरून ती 'गीता'वर आली होती.

"काकू, उद्याच बदलवते. मोठ्या अक्षरात..."

"लावजो. पन तो नावासाठी नाई बसून राहिला." म्हातारीनं बुटांकडे पाहिलं. ते दाराकडे वळलेले होते. "बाबाले सांगजो, दोन वाजून गेले म्हना."

संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. पाटीचं, खोट्या 'हो'चं, बुटांचं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त पेटीतून जुना खाकी शर्ट काढला आणि इस्त्री मागितली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाला सुट्टी. दालनात तिघंच होते, चंपत, ती आणि बाबा. पाटीवर नवा कागद चिकटवलेला होता: लहानू वासनिक.

जानरावांनी दाराशी चपला काढल्या. दोरी ओलांडून ते बाकावर, बरोबर हेल्मेटखाली बसले.

भोंगा झाला.

"लहानू, आलो मी. लय उशीर झाला, गड्या. जाय आता घरी."

हेल्मेटची तार थांबली. इतके दिवस ती बारीक थरथरत होती, हे गीतांजलीला तेव्हा कळलं. तिनं डब्याला हात लावला. तो थंडगार होता. तिला रडू फुटलं, आणि रडून फार मोकळं वाटलं.

"चाला बाबा. घरी जाऊ."

बाबा उठले नाहीत.

"असा कसा येऊ?" त्यांचा आवाज साधाच होता, कामावरचा. "माझा रिलीव्हर कुठी आला?"

तिनं समजावलं. हात ओढला. चंपतनं काखेत हात घातला. सत्तरी ओलांडलेला वाळका म्हातारा, पण दोघांना हलला नाही. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता, बोटं गार पडत होती, आणि ते दाराकडे पाहत होते.

आज उशीर नको. तिला तेवढंच सुचलं.

"मी आली, बाबा. तुमी जा."

ते लगेच उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवून, बक्षिसाच्या दिवशी म्हणाले होते तसं, "शाब्बास" म्हणाले. ती बसल्यावरच त्यांनी दोरी ओलांडली.

"चाल चंपत, भूक लागली," असं म्हणत ते गेले.

थोडा वेळच बसायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. हेल्मेटचा पट्टा तिच्या कानाला लागला. ओला होता. आपल्यामागून यायचं कोण, हे ती आठवू लागली. घरी बाबांशिवाय कुणी नव्हतं.

तिनं खाली पाहिलं. लहानूचे बूट समोरच्या भिंतीकडे तोंड करून शांत होते.

तिचे पाय दाराकडे वळले होते.