टोपलीची दोरी

विमानतळाच्या कुंपणाला लागून जी वस्ती आहे ना, तिथली माणसं वाक्यं अर्धी सोडतात. बोलता येत नाही असं नाही, बोलायला लागली की कान किटवतील. पण दर तीन-चार मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं, आणि "काल मी काय केलं माहितीये, मी सरळ त्याच्या..." इथं माणूस थांबतो. कप तोंडाशी, बोट हवेत. विमान गेलं की "...घरीच गेलो" म्हणून गाडी पुढं चालू. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. पाहुणे तेवढे बघत बसतात.

ताई आणि छोटू या वस्तीतच वाढलेले. ताई बेचाळीसची, शहराच्या पाणीखात्यात नमुने गोळा करायच्या कामावर. छोटू तिचा धाकटा भाऊ, त्याच कामावर, वय तेहतीस, उंची सहा फूट दोन इंच. दारातून वाकून आत येणाऱ्या या गड्याला अख्खं खातं छोटू म्हणायचं, आणि तोही बिनतक्रार ओ द्यायचा.

दर मंगळवारी दुपारी दोघं ओढ्यावर जायची. ओढा धावपट्टीच्या खालून मोठ्या नळातून येतो आणि घळीत पडतो. घळ तीन मजले खोल. दोन्ही अंगांना काटेरी झुडपं, तळाला गुडघाभर पाणी, पाण्यावर इंधनाचा रंगीत तवंग आणि मधून विमानांना वाट दाखवणारे दिव्यांचे उंच खांब. भिंतीत लोखंडी शिडी ठोकलेली आहे. छोटू कमरेला पट्टा लावून शिडीनं उतरायचा आणि नळाच्या तोंडाशी बाटल्या भरायचा. वर कठड्याशी त्याच्या पट्ट्याची दोरी ताईच्या हातात. दुसरी दोरी टोपलीची, त्या दोरीनं बाटल्या खाली-वर जायच्या.

वरून नळाचं तोंड दिसत नाही. घळीत फोन लागत नाही, आणि विमान आलं की हाकही पोचत नाही. म्हणून खात्याचा जुना नियम होता. विमान आलं की खालच्यानं दोरीला एक हिसका द्यायचा, म्हणजे मी ठीक आहे. वरच्यानं एक उलटा द्यायचा. सारखे दोन आले, तर वर घ्यायचं.

छोटूचा हिसका मात्र नियमात बसणारा नव्हता. एक मोठा, आणि त्याच्यामागून हळूच एक छोटा. लहानपणी ताई त्याला हात धरून रस्ता ओलांडून शाळेत न्यायची. गाड्या अंगावर आल्या की ती त्याचा हात दाबायची, म्हणजे घाबरू नकोस. तो उलट दाबायचा, एकदा जोरात आणि एकदा हळू, म्हणजे घाबरत नाही, थोडासाच घाबरतो. साहेब कितीदा ओरडले, "अरे गाढवा, हे दोन धरायचे की एक?" ताई म्हणायची, "साहेब, मला कळतं."

पहिल्यांदा ते झालं तेव्हा छोटू वर आलेला होता. गाडीच्या बॉनेटवर बाटल्या मांडून चिठ्ठ्या चिकटवत होता. टोपली रिकामी खाली लोंबत होती. ती दोरी एरवी कठड्याला बांधलेली असायची, पण कठड्याची कडी गंजून तुटली होती, म्हणून ताईनं ती हातात धरली होती. विमान आलं. दोरीला एक हिसका बसला.

ताईनं एक उलटा दिला.

झालं! वीस वर्षांची सवय, हात काय विचारून वागतो? देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की छोटू तर मागं उभा आहे, जिभेनं चिठ्ठी ओली करतोय. तिनं भराभरा टोपली वर ओढली. टोपलीत काही नव्हतं.

"काय गं?" छोटूनं विचारलं.

"काही नाही. पाण्याला ओढ आहे आज."

पुढच्या मंगळवारी छोटू खाली होता. तिच्या उजव्या हातात त्याची दोरी, डाव्या हातात टोपलीची. विमान आलं. उजव्या हातात एक मोठा, एक छोटा. आणि डाव्या हातात एक. नुसता एक, स्वच्छ, नियमाप्रमाणे.

छोटू वर आल्यावर तिनं विचारलं, "टोपलीची दोरी कशाला ओढत होतास रे?"

"मी? मी तर नळाच्या पार आत होतो. टोपली तिकडं." तो हसला. "तुझा कुणी चाहता असेल बघ, या वयात."

ताईला हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं निवृत्त झालेल्या जमादारांना फोन केला. तिच्याआधी तीस वर्षं ती दोरी त्यांनी धरली होती. दोरीचं सगळं सांगितलं.

"टोपलीची दोरी हातात धरलीस?"

"कडी तुटलीये, जमादार."

"आम्ही ती कधी हातात धरत नव्हतो. बांधायचो." मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "उत्तर दिलंस?"

"दिलं. चुकून."

"अगं बाई." एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतं, तर तू हसली असतीस. भावाला उतरू देऊ नकोस."

सांगणं सोपं आहे हो. पण खालच्या अंगाला ओढ्यात मासे मरून पडले होते, तक्रार वरपर्यंत गेली होती, आणि साहेबांना मंगळवारचा नमुना हवा म्हणजे हवाच होता. ताई म्हणाली, मी उतरते. छोटू म्हणाला, "तुझा गुडघा बघ आणि शिडी बघ. आणि दोरी तुझ्यासारखी मला धरता येईल का?" जमादारांचं तिनं सांगितलं, तेव्हा तो पोट धरून हसला. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. निघताना ती दारापर्यंत आली आणि दर वेळी विचारायची तेच विचारलं, "दोरी तुम्हीच धरणार ना, ताई?"

"मीच गं. दुसरं कोण धरणार?"

त्या दुपारी ऊन स्वच्छ होतं. ताईनं टोपलीची दोरी कठड्याच्या खांबाला तीन वेढे देऊन पक्की बांधली आणि तिच्याकडं पाठ केली. छोटूचे बूट शिडीवर वाजत खाली गेले, ठण्, ठण्, ठण्. त्याच्या पावलांचा आवाज म्हणजे मुलखाचा मोठा. मग पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला.

पहिलं विमान. एक मोठा, एक छोटा. तिनं उत्तर दिलं.

दुसरं विमान. एक मोठा, एक छोटा. तिचा जीव भांड्यात पडला. मधल्या शांततेत तिनं हाक मारली, "किती राहिल्या रे?"

"एकच!" खालून आवाज आला.

तिसरं विमान फार खालून गेलं. पोटाखालची चाकं दिसली, कठडा थरथरला. दोरी हलली नाही. ताईनं मनात दहा आकडे मोजले. मग हिसका आला. दोन. सारखे.

ती दोरी ओढू लागली. एरवी एवढा गडी चढताना दोरी जड लागते, तो मध्येच थांबतो, शिव्या घालतो. आज दोरी भरभर वर आली. विमान गेलं होतं. ताईनं कान दिला.

शिडी वाजत नव्हती.

कठड्यावर आधी एक हात आला, मग दुसरा. मग छोटू. तोच चेहरा, तोच शर्ट, गालाला चिखलाचा फराटा. ताईनं त्याला दंडाला धरून आत घेतलं आणि तिला रडू फुटलं.

"ठीक आहेस ना? दोन का दिलेस? काय झालं?"

"काही नाही, ताई." त्यानं पट्टा सोडला, नीट गुंडाळून ठेवला. असा तो कधी ठेवत नसे. "चल घरी."

"बाटल्या?"

"राहू दे त्या. खालीच राहू दे."

तिनं खाली पाहिलं. त्याचे बूट कोरडे होते.

साहेबांना काय सांगायचं, या विचारानं की आणखी कशानं, ती खांबाशी गेली आणि तिनं टोपलीच्या दोरीचे वेढे सोडले. टोपली वर घ्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. दोरी हातात आली, आणि लांबून चौथ्या विमानाचा आवाज आला.

"ती सोड, ताई," छोटू म्हणाला. "घरी सगळे वाट बघत असतील, उशीर..."

विमान डोक्यावर आलं. ती गप्प झाली. तो झाला नाही. या वस्तीत तेहतीस वर्षं काढलेला माणूस, आणि त्या गडगडाटात त्याचे ओठ शांतपणे हलत राहिले.

ताईनं मोकळा हात पुढं केला. लहानपणी धरायची तसा त्याचा हात धरला आणि दाबला.

त्यानं उलट दाबला. एकदा.

ती थांबली. विमान अजून वरच होतं. त्याचा हात तिच्या हातात तसाच होता, गार, आणि तो तिच्याकडं बघून हसत होता.

तेवढ्यात दुसऱ्या हातातली दोरी ताणली गेली. खालून कुणीतरी हिसका दिला. एक मोठा. आणि त्याच्यामागून हळूच, एक छोटा.