साहेबाच्या सराईची कमान

सन छप्पनमध्ये पनवेलच्या ‘साहेबाच्या सराई’चं मिठाचं गोदाम करायचं ठरलं आणि ते काम ओव्हरसियर म्हणून माझ्याकडे आलं. कुणा इंग्रजानं आपल्या गावच्या सराईसारखी हुबेहूब बांधलेली ती इमारत. मधोमध दगडी कमान, तिच्याखालून घोडागाडी थेट आतल्या चौकात. चौकाभोवती वर लाकडी कठड्याची गॅलरी, मागे तबेले. घोडे जाऊन जमाना झाला होता, तरी भर दुपारी चौकात लिदीचा वास यायचा. मला वासाशी कर्तव्य नव्हतं. कमान भक्कम होती, तेवढं पुरे.

एकच गोष्ट खटकायची. कमान चांगली दोन पुरुष उंच, तरी तिच्याखालून जाताना गवंडी काशीराम वाकायचा. बाकीचे गडीही वाकायचे.

“डोकं लागतंय का रे तुझं?” मी थट्टेनं विचारलं.

“आमी आमच्यासाठी नाय वाकत, सायेब,” तो हळूच म्हणाला. “पयले गाडीच्या टपावर मानसं बसायची. मोतद्दार घोड्याचा लगाम धरून फुडं चालायचा. कमान आली का तो वाकायचा, त्याला बघून वरची वाकायची. एकदा तो इसरला...”

एवढं बोलून तो थापी उचलून कामाला लागला.

मिठाची पहिली लॉरी आली, तेव्हा गोण्यांवर काशीरामचाच मुलगा आनंदा बसला होता. काशीरामचा चेहरा उतरला. मी टेप लावून पाहिली. आनंदाच्या डोक्यावर हातभर जागा मोकळी राहत होती.

“उगाच भिऊ नकोस,” म्हणालो आणि मुद्दाम ताठ मानेनं लॉरीपुढे चालत कमानीखाली शिरलो.

मागे दगडावर काहीतरी आपटलं. काशीराम ओरडला.

वळून पाहिलं, तर आनंदा गोण्यांवर पालथा. जरा वेळानं त्यानं मान उचलली. जिवंत होता. डोक्यावरची टोपी मात्र नव्हती.

“वाकलास कसा?” मी विचारलं.

“तुमच्या फुडचा वाकला ना... म्हनून.”

माझ्यापुढे रिकामा चौक होता.

“कोण पुढचा?”

“म्हातारा व्हता. हातात लगाम. वाकला... न् रडाया लागला.”

तेव्हा मात्र मी घाबरलो. शिडी लावून स्वतः वर चढलो. टोपी कमानीच्या माथ्याशी होती, दोन दगडांच्या सांध्यात अर्धी आत गेलेली. माझ्या चाकूचं पातंही त्या सांध्यात शिरेना.

मी टोपी ओढली. आतूनही कुणीतरी ओढली.