आज सगळे बरे आहेत ना?

"खाट रिकामी झाली का?" एवढंच विचारायला लोक फोन करत. त्यात गैर काहीच नव्हतं. जे दुखणं बरं होणार नाही, त्यातले शेवटचे दिवस तरी सुखात जावेत म्हणून ते शुश्रूषागृह होतं. तिथे रुग्णांना दाखल करून घेण्याचं काम तिच्याकडे. खाट कशी रिकामी होते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

म्हणूनच त्या सकाळी एका अनोळखी आवाजाने भलतंच विचारलं, तेव्हा ती गोंधळली.

"बाबांचं नाव तुमच्याकडे लावलंय... आज सगळे बरे आहेत ना?"

"हो, आहेत," ती म्हणाली. "म्हणजे... आज जागा नाही."

"असू दे. छानच की मग."

तो रोज फोन करू लागला. प्रश्न तोच. घरी वडील तळमळत असताना परक्यांची खुशाली विचारणाऱ्या या माणसात तिचा जीव कधी गुंतला, तिचं तिलाच कळलं नाही. फोनला जरा उशीर झाला की ती उगाच टेबल पुसत बसे.

मग एके दिवशी तिनेच फोन केला. "घेऊन या बाबांना."

"कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं.

तो चष्म्याचा दुकानदार निघाला. बाबांना दाखल करायच्या कागदांवर सह्या करता करता त्याला तिच्या चष्म्याची ढिली काडी दिसली.

"द्या इकडे," म्हणत त्याने खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला. चष्म्याविना तिला त्याचा चेहरा धूसर दिसत होता. तिचा मात्र त्याला स्वच्छ दिसत असणार, या विचाराने तिचे कान तापले.

"लोकांना चष्मे लावतो," बाबा समोरच्या खाटेवरून पुटपुटले, "पण याला जवळचं दिसत नाही, पोरी. तूच काय ते बघ."

औषधांनी बाबांच्या वेदना उतरल्या. लेकाची टिंगल करत करत, एका दुपारी ते झोपेतच गेले.

"तुमचे उपकार..." तो हात जोडून म्हणाला. पुढे त्याला बोलवेना. आता फोन करायला त्याला कारण उरलं नव्हतं, आणि दुःखातल्या माणसाला आपण होऊन बोलवायला तिची जीभ रेटेना. रोज सकाळी टेबल मात्र लख्ख असे.

बऱ्याच दिवसांनी फोन वाजला.

"आज सगळे बरे आहेत ना?"

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आहेत."

"आणि... तुम्ही?"

"माझी काडी पुन्हा ढिली झालीय."

"शक्य नाही. मी बसवलेली काडी ढिली होत नाही." तो थांबला. "तरी येतो... संध्याकाळी."

फोन ठेवून तिने समोरच्या दारातून बाबांच्या खाटेकडे पाहिलं. तिथे आता एक आजी डुलकी काढत होत्या. 'तुमचे उपकार...' हे त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य तिने मनातल्या मनात बाबांपाशी पुरं केलं. मग चष्मा उतरवला, आणि नखाने काडीचा स्क्रू ढिला करायला बसली.