झिपरीच्या याद्या

दातांच्या डॉक्टरकडे कुणी प्रेमात पडायला जात नाही. तीही दाढ दाखवायलाच गेली होती, आणि तेसुद्धा आत्याने दंडाला धरून घराबाहेर काढली म्हणून.

बाहेरच्या खोलीत फिकट हिरव्या भिंती होत्या, लवंगेच्या तेलाचा वास होता, आणि खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन जमिनीवर मांजरासारखं पसरलं होतं. माणसं दोनच. एक ती, आणि दुसरा गालावर रुमाल धरून बसलेला एक चष्मेवाला तरुण.

ती फोनवरचं कामांचं अ‍ॅप उघडून बसली होती. त्यात डाव्या बाजूला एक पट्टी असते आणि आपण केलेल्या सगळ्या याद्यांची नावं त्या पट्टीत एकाखाली एक येत जातात. तिची पट्टी इतकी लांबली होती की अंगठा दुखायला लागला तरी तळ लागत नव्हता.

"कुठे गेली मेली!" ती पुटपुटली. "आत्ता इथे होती 'खतं'…"

शेजारचा रुमाल जरासा हलला.

"ज्याने कुणी ही पट्टी केलीये ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. याच्यापेक्षा मारुतीचं शेपूट बरं!"

"अं… तो मी," रुमालामागून आवाज आला. "फट्टी मी केलीये."

"काय केलीये?"

"फट्टी." त्याने हताशपणे गालाकडे बोट दाखवलं. "इंजेक्शन. अर्धं तोंड सध्या माझं नाहीये."

खरं म्हणजे तिने ओशाळायला हवं होतं. पण तिला हसू फुटलं… आणि एकदा फुटलं ते आवरेना.

"मग उरलेल्या अर्ध्या तोंडाने सांगा," ती म्हणाली, "माझी 'खतं' गेली कुठे?"

तो जरा सरकून बसला. फोनला त्याने हात लावला नाही, नुसतं बोट हवेत धरलं. "एक यादी दाबून धरा. हं… आता ती दुसरीवर नेऊन सोडा. अलगद."

तिने सोडली. दोन याद्या एकमेकींत शिरल्या आणि तिथे एक कप्पा झाला.

"अय्या! हे इतके दिवस इथेच होतं?"

"होतं. फण तुम्हाला साफडलं नाही. म्हणजे माझंच चुकलं."

आपली चूक इतक्या सहज कबूल करणारा माणूस तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तेवढ्यात आतून तिला हाक आली. दाढ भरून ती बाहेर आली, तर स्वारी तिथेच.

"तुमचं कधीच झालंय ना? मग बसलात का?"

"तोंड जागेवर येईपर्यंत थांबलो," तो म्हणाला. आता 'प' नीट येत होता. "आणि विचारायचं होतं… इतक्या याद्या असलेलं माणूस मला अजून भेटलं नव्हतं. तुम्ही काम कसं करता, ते बघायला येऊ का एकदा?"

आता तिचा अर्धा चेहरा बधिर होता. म्हणून तिने नुसती मान हलवली. आपण किती पटकन हलवली, ते तिला रस्त्यावर आल्यावर कळलं.

*

ती आणि आत्या मिळून रोपवाटिका चालवायच्या. शहर जिथे विरळ होत जातं तिथे त्यांचं एक जुनं काचघर होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, पण दुसऱ्यांच्या लग्नाविषयी तिची मतं ठाम. भाचीच्या केसांना कंगवा सहसा माहीत नसायचा, म्हणून आत्या तिला 'झिपरे' अशी हाक मारायची.

शनिवारी सकाळी तो आला तेव्हा काचघरात फवारा चालू होता. छतातल्या नळ्यांमधून दवासारखं बारीक पाणी उतरत होतं. नेच्यांची पानं हळूहळू मान डोलवत होती. तो दारातून आत आला आणि जागीच उभा राहिला. चष्म्यावर पांढरं धुकं साचलं होतं.

"काही दिसत नाहीये," तो म्हणाला. "पण छान आहे."

तिने त्याचा चष्मा काढला, अॅप्रनच्या कोपऱ्याने पुसला आणि परत त्याच्या हातात दिला. काचेशिवाय त्याचे डोळे वेगळेच दिसत होते… नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखे. तिने पटकन कोपऱ्यातला नळ बंद करायला पाठ फिरवली. नळ आधीच बंद होता.

"हे कोण गं, झिपरे?" आत्याने पोत्याआडून डोकं वर काढलं.

"हे त्या अ‍ॅपवाले. बाजूची पट्टी करतात."

"पट्टेवाले?"

"पट्टीवाले, आत्या!"

"तेच ते. चहा घेणार का, पट्टीवाले?"

आणि त्याचं नाव तेच पडलं.

मातीने माखलेल्या टेबलावर फोन ठेवून दोघं बसली. तो एकेका यादीकडे बोट दाखवायचा आणि ती सांगायची.

"'रुसलेली झाडं'?"

"कुंडी बदलली की काही झाडं रुसतात. पानं पाडतात."

"आणि ही 'पुन्हा रुसलेली'?"

"तीच. दुसऱ्यांदा. जिरेनियमचा स्वभावच वाईट."

"'आत्याला सांगायचं नाही'?"

"श्शू!"

"मला सगळं ऐकू येतंय," पोत्याआडून आवाज आला.

हसताहसता त्याचं बोट पुढे सरकलं आणि एका यादीवर थांबलं. 'एकटीनं'.

तिने ती यादी उघडली, तशी ती पट्टीच्या उजवीकडे पसरली. मग हाताला लागलेली माती चोळत म्हणाली, "माझं लग्न ठरलं होतं एकदा. मोडलं. जाताना तो म्हणाला, तुला एकटीला काही जमायचं नाही. मग मी यादी केली. एकटीनं सिनेमाला जाणं, एकटीनं जेवायला जाणं, टेम्पो शिकणं… जमलं की खूण करते."

यावर लोक एक तर 'अरेरे' म्हणतात, नाही तर 'वा वा'. तो यातलं काहीच म्हणाला नाही. इतकंच म्हणाला, "हिला कप्प्यात नको घालायला. ही वर, मोकळी असू दे."

जाताना त्याने विचारलं, "या पट्टीचं एक चित्र घेऊ का? ऑफिसात दाखवायला. नावं झाकून."

"घ्या की," ती म्हणाली. तिचं लक्ष त्याच्या बाहीवर अडकलेल्या नेच्याच्या पानाकडे होतं. ते काढावं की राहू द्यावं… तिने राहू दिलं.

*

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. पट्टी आवरत गेली. 'काचघर' नावाचा कप्पा झाला, 'गिऱ्हाईकं' झाला, 'घर' झाला. कधीच संपून गेलेल्या कामांच्या याद्या त्याने तिला अडगळीत टाकायला शिकवलं. हरवायच्या नाहीत, फक्त नजरेआड करायच्या. एके दिवशी सगळी पट्टी एका नजरेत मावली.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा अंगठा पट्टीवरून उगाच खाली-वर फिरत राहिला. आवरून संपलं, की हा कशाला येईल?

पुढच्या शनिवारी त्याने फोन पाहिला आणि भुवया उंचावल्या.

"ही 'दगड' नावाची यादी मागच्या वेळी नव्हती."

"दगड… लागतात," ती कुंडीत डोकं घालून म्हणाली.

"त्यात एकच काम आहे. 'दगड बघणे'."

"मोठं काम आहे ते."

"आणि 'इतर दगड'?"

"ते वेगळे दगड."

तो हसला नाही. फार गंभीरपणे म्हणाला, "मग यांचा कप्पा करायला हवा. बराच वेळ लागेल. दोन-तीन शनिवार तरी…"

तिने वर पाहिलं, तर त्याचे कान लाल झाले होते. फवारा सुरू झाला आणि दोघंही तिथून हलली नाहीत.

*

नवी पट्टी तयार झाली तेव्हा त्याने तिला ऑफिसात बोलावलं. "सगळ्यांच्या आधी तुम्ही बघा." ती केस विंचरून गेली. आत्या त्यावर काहीही बोलली नाही, आणि आत्याने न बोलणं म्हणजे फारच झालं.

उंच इमारतीतली पांढरीशुभ्र खोली. काचेतून ढग इतके जवळ दिसत होते की हात लावावा. तो पाणी आणायला गेला आणि ती भिंतीकडे वळली. तिथे एक मोठं चित्र लावलं होतं. तिचीच पट्टी. नावांवर करड्या रेघा ओढलेल्या होत्या. पण पट्टीच्या उजव्या बाजूला उघडी राहिलेली यादी कुणी झाकलीच नव्हती. तिची ओळ न् ओळ वाचता येत होती… एकटीनं सिनेमाला जाणे. एकटीनं जेवायला जाणे.

"अरे वा, तुम्हीच का त्या?" त्याचा एक सहकारी खुर्ची फिरवत म्हणाला. "आमच्याकडे तुम्ही फार प्रसिद्ध आहात हं! एकटीनं जेवायला जाणे… म्हणजे लोक असलंही कामात लिहितात!"

दोघं-तिघं हसले. वाईट मनाने नव्हे, उगाच. पण तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"लिहितात," ती म्हणाली. "आणि जमलं की खूणही करतात."

तो ग्लास घेऊन दारात उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. ती त्याच्या बाजूने निघून गेली. लिफ्टपाशी त्याने तिला गाठलं.

"ऐका… मी नावं झाकली होती. उजवीकडचं माझ्या लक्षातच…"

"तुम्हाला पट्टी आवरायची होती, आवरली," ती म्हणाली. ती लिफ्टमध्ये शिरली. "मीच उगाच भलतं धरून बसले."

लिफ्टचं दार मिटलं.

पुढचे दिवस ओल्या कपड्यांसारखे जड गेले. त्याचे फोन आले, तिने घेतले नाहीत. शनिवारी काचघराचं दार वाऱ्याने वाजलं की तिची मान आपोआप वळायची.

"पट्टीवाला आला नाही गं?" आत्याने विचारलं.

"असतील कामं."

"असतील. पण तू मघापासून रिकाम्या कुंडीला पाणी घालतेयस."

*

सार्वजनिक वाचनालयाच्या अंगणात झाडं लावायचं मोठं काम त्यांनी घेतलं होतं. त्या सकाळी आत्या म्हणाली, माझा गुडघा धरलाय. तेव्हा ती एकटीच टेम्पो घेऊन निघाली. फाटकातून टेम्पो आत घातला आणि तिने करकचून ब्रेक दाबला. तो बाह्या दुमडून उभा होता.

"आत्याने सांगितलं?"

"नाही. त्या एवढंच म्हणाल्या, वाचनालयात झाडं लावायचीत आणि त्यांचा गुडघा दुखतोय."

"आत्याचा गुडघा तिच्या सोयीने दुखतो."

तो जवळ आला, पण चार हात लांबच थांबला. "ते चित्र भिंतीवरून उतरवलं मी. चूक माझी होती, हेही सगळ्यांना सांगितलं. पण त्याने काही भरून येत नाही. तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी भिंतीवर टांगली. निष्काळजीपणाने का होईना, टांगली. माफ करा… आणि नाही केलंत, तरी झाडं उतरवून जाईन."

ती टेम्पोतून खाली उतरली. मग टेम्पोची मागची फळी पाडली.

"कुंडी उचलताना गुडघ्यात वाका," ती म्हणाली. "कमरेत नाही."

दोघं कामाला लागली. ऊन कोवळं होतं. वाचनालयाच्या खिडक्यांचे पडदे आत-बाहेर श्वास घेत होते. ती खड्डा करायची, तो रोप धरायचा. माती लोटताना बोटांना बोटं लागायची आणि दोघंही काही लक्षात न आल्यासारखं करायची. हळूहळू ती त्याला एकेका रोपाच्या खोडी सांगायला लागली… कधीपासून, ते तिलाही कळलं नाही.

शेवटी लिंबाची भली मोठी कुंडी राहिली. तो ती छातीशी धरून उलट्या पावलांनी फळीवरून उतरत होता, आणि फळी सरकली.

"अरे, सांभाळ! पाय बघ तुझा!"

ती धावली. कुंडी दोघांच्या मधे, दोघांच्या हातांत अडकून राहिली. लिंबाच्या पानांतून त्याचा चष्मा तेवढा दिसत होता.

"आत्ता काय म्हणालात?"

"कुठे काय."

"'तुझा' म्हणालात."

"तोंडातून गेलं."

"गेलंय ना… मग परत आत घेऊ नका."

वारा पडला होता. पान हलत नव्हतं.

"मी याद्या बघायला येत नव्हतो," तो कुंडीआडून म्हणाला. "म्हणजे पहिल्यांदा त्यासाठीच आलो. पण नंतर… तुम्ही बोलताना मातीचा हात कपाळाला लावता. तू… लावतेस. तुला कळतही नाही. ते बघायला यायचो. मला तू फार आवडतेस. एवढं सांगायला इतके शनिवार लागले मला."

तिचा हात नकळत कपाळाकडे गेला आणि मग आणखीच माती लागली. कुंडीचा सगळा भार त्याच्यावर आला, तरी तो हूं की चूं करेना.

"मला एकटीला जमतं," ती हळूच म्हणाली. "सिनेमा, जेवण, टेम्पो… सगळं."

"माहीत आहे."

"म्हणून सांगते. कुणीतरी हवं म्हणून नाही…" तिने कुंडीला पुन्हा हात लावला, या खेपेस त्याच्या हातावरच. "तू हवास म्हणून."

दोघांनी मिळून लिंबू खड्ड्यात बसवलं, माती दाबली. मग भिंतीच्या सावलीत टेकून बसली, खांद्याला खांदा लावून. समोर सगळं अंगण हिरवं झालं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं झिपरे, झाली का झाडं लावून?" आत्याचा आवाज त्यालाही ऐकू गेला.

तिने ओळीने लावलेल्या रोपांकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. तो श्वास रोखून हसू दाबत होता.

"नाही गं आत्या," ती म्हणाली, "आत्ता कुठे सुरुवात केलीये. यायला उशीर होईल."