न पुसलेली रायफल

लोर्ना स्कारने समोरच्या कॉफीला हात लावला नाही, तेव्हाच वेंडेल पुकला प्रकरण गंभीर असल्याचे कळले. ज्युडिथ फोर्ड गावात दुसऱ्याच्या घरची कॉफी कुणी अशी निवू देत नसे.

"माझ्या आयनारला लबाड म्हणतायत, सिग्ने," ती म्हणाली. "मातीखाली गेलेल्या माणसाला."

सिग्ने ब्राटेनने चष्मा कपाळावर सरकवला. विमा कंपन्यांसाठी खोटे दावे शोधण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती आणि आता ती खाजगी तपास करीत असे. मोटार चालवायचा तिला मनापासून कंटाळा होता. म्हणून शाळेच्या बसवरून निवृत्त झालेला शेजारी वेंडेल तिचा चालक झाला, आणि हळूहळू मदतनीसही. निदान तो स्वतःला तसे म्हणवून घेई.

"पहिल्यापासून सांग," सिग्ने म्हणाली.

हकिकत साधी होती. लोर्नाच्या नवऱ्याकडे एक जुनी विंचेस्टर रायफल होती. तिचे खरे मोल होते दस्त्याच्या मानेवर बसवलेल्या, हवी तेव्हा उभी करता येणाऱ्या नेमपट्टीत, म्हणजे नेम धरायच्या पोलादी पट्टीत. कारखान्याने ती बनवली नव्हती. याच गावातल्या एका लोहाराने फार पूर्वी ती हाताने घडवली होती आणि तशी दुसरी कुठेच नव्हती. आयनार गेल्यावर लोर्नाने रायफल त्याच्याच खात्यावरून इंटरनेटवरच्या लिलावात विकली. वायोमिंगमधल्या रॉयस हॅल्डेन नावाच्या डॉक्टरने ती घेतली. आणि आता डॉक्टर म्हणत होता की रायफल खरी आहे, पण नेमपट्टी बनावट आहे.

"पैसे परत करायला मी तयार आहे," लोर्ना म्हणाली. "पण तो लिलावाच्या पानावर शेरा लिहिणार आहे. जुन्या बंदुका विकताना आयनारने वर्णन लिहिलं की लोक माल न बघता बोली लावायचे गं. चाळीस वर्षांत त्याने तेवढंच कमावलं."

"रायफल शेवटी कुणी हाताळली?"

"फोटो मार्जीने काढले, आयनारच्या भाचीने. ती गेल्यावर मी रायफल केसमध्ये ठेवली, कुलूप लावलं, चावी पाकिटात चिकटवली आणि दोन्ही बंदूकवाल्या क्लाइडकडे नेऊन दिली. इतकी जुनी बंदूक कायद्याने मी स्वतःही पाठवू शकले असते. पण क्लाइडसारखं कुणी बांधत नाही. केसही त्याच्याच दुकानातली."

"कुलूप लावण्याआधी रायफल साफ केलीस?"

लोर्नाचा आवाज बदलला. "नाही. शेवटच्या दिवशी त्याने ती भिंतीवरून काढून मांडीवर घेतली होती. मग छातीत कळ आली. मी ती तशीच परत टांगली. पोलादावर त्याच्या अंगठ्याची तांबूस खूण उमटली होती. आयुष्यभर त्याने बंदूक पुसल्याशिवाय ठेवली नाही, तेवढीच एकदा राहिली. मी तिला फडकं लावलं नाही. निरोप घेतानाही नाही. केस बंद करताना खूण तिथेच होती, पाहिली मी."

वेंडेलने खिडकीबाहेर पाहिले. असल्या वेळी कुठे बघावे हे त्याला कधीच समजत नसे.

*

मार्जी ट्वीट लग्नांचे फोटो काढी. ती दारातच लोण्यात भिजलेले पॉपकॉर्न खात उभी होती आणि तिने तोच हात वेंडेलच्या हाती दिला.

"मामाच्या बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "लहानपणी हात लावला की ओरडायचा. पण ही रायफल घरातून जाऊ नये असं मला वाटत होतं. मामीला तसं सांगितलंही. भांडलोच आम्ही."

"फोटो काढताना हातमोजे घातले होतेस?"

"कशाला? ती काय नवरी आहे?" मार्जी हसली, मग ओशाळली. तिने संगणकावर लिलावाचे पान उघडले. नेमपट्टीचे फोटो स्वच्छ आणि जवळून घेतलेले होते. शेवटच्या फोटोत रायफलीच्या पोलादाच्या डाव्या अंगावर अंगठ्याचा ठसा होता, आणि खाली ओळ होती: 'येथे हलका गंज. साफ केलेला नाही.'

"हे मामीने लिहायला लावलं. मी म्हटलं, दोष कशाला दाखवतेस? तर म्हणाली, मामा दाखवायचा."

बाहेर आल्यावर वेंडेल म्हणाला, "भांडण झालं होतं. आणि खरी पट्टी मामाची आठवण म्हणून ठेवून घ्यायची इच्छाही असणार."

"असेल," सिग्ने म्हणाली. "आधी हात पूस, वेंडेल. गाडीच्या चाकाला लोणी लागेल."

*

क्लाइड ओस्टबीच्या दुकानात शिरले की आवाज आपोआप खाली येई. भिंतींवर बंदुका होत्या, पण धाक वाटावा अशा नव्हत्या. वाद्यांच्या दुकानातल्या सारंग्यांसारख्या त्या शांत टांगलेल्या होत्या. प्रत्येकीचे अक्रोडी लाकूड आतून उजळल्यासारखे दिसे. साठी ओलांडलेला क्लाइड आईकडून मेंढपाळांच्या घरातला. लोकरीतून निघणाऱ्या चरबीत तेल मिसळून तो स्वतःचे मलम करी आणि त्याचे फडके त्याच्या खिशात कायम असे.

वेंडेलने एका रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवले.

"हां, हां! घाम खारट असतो राजा," क्लाइड म्हणाला. "तुझं बोट आज लागतं आणि पुढच्या महिन्यात गंज बोलायला लागतो." बोलता बोलता, रिव्हॉल्व्हरकडे न पाहताच, त्याने ती जागा पुसली.

"आयनारच्या रायफलीची केस उघडली होतीस?" सिग्नेने विचारले.

"छे. कुलूपबंद आली, कुलूपबंद गेली. चावीचं पाकीटही तसंच्या तसं खोक्यात टाकलं."

"अशा केसला दुसरी चावी चालते?"

"मी विकलेल्या सगळ्या केसेसना एकच चावी." एवढे बोलून तो घाईने पुढे म्हणाला, "पण मी उघडली नाही."

सिग्नेने डॉक्टरने पाठवलेला बनावट पट्टीचा फोटो त्याच्यासमोर धरला. क्लाइडने तो उजेडाकडे नेला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर रागही नव्हता आणि नवलही नव्हते.

"काम चांगलं आहे," तो हळूच म्हणाला. "फक्त वरची खाच जराशी रुंद पडली. आजोबांची कानस वेगळीच होती."

"तुझ्या आजोबांची?"

"पट्टी त्यांनीच घडवली होती ना. गावाला ठाऊक आहे." त्याने फोटो परत केला. "आयनारला ठाऊक होतं म्हणून तर त्याच्याकडे होती तोवर मी निश्चिंत होतो."

दुकानाबाहेर पडताना वेंडेलला त्या माणसाबद्दल आदर वाटत होता. लोखंडाच्या तुकड्यावर इतकी माया करणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.

"हा नव्हे," तो ठामपणे म्हणाला.

सिग्ने गाडीकडे चालू लागली.

*

डॉक्टर हॅल्डेन पडद्यावर आला तो पांढरे सुती हातमोजे घालूनच. वेंडेलला तो लगेच नावडला.

"मी खोकं उघडताना नेहमी न थांबवता चित्रीकरण करतो," डॉक्टर म्हणाला. "आम्हा संग्राहकांत सगळेच करतात. नाहीतर उद्या विकणारा म्हणेल, पट्टी तुम्हीच बदलली."

त्याने चित्रफीत दाखवली. टपालाची चिकटपट्टी शाबूत होती. सुरी फिरली, केस बाहेर आली, पाकीट फोडून चावी लावली गेली, झाकण उघडले. रायफल खिडकीच्या उजेडात चमकली आणि हातमोज्यातल्या हातांनी ती सावकाश सर्व बाजूंनी फिरवली.

"बाईंवर माझा राग नाही," डॉक्टर म्हणाला. "म्हणून तर कोडं पडलंय. बंदूक सुरेख राखलेली आली. पोलादावर तेलाचा पातळ हात, कुठे बोटाचा डाग नाही. इतकी निगा राखणारी माणसं बनावट पट्टी कशी बसवतील?"

"डाव्या अंगाचं चित्र पुन्हा दाखवता?" सिग्ने म्हणाली. तिने ते बराच वेळ पाहिले. "डॉक्टर, तुमचा शेरा उद्यापर्यंत थांबवा. आणि उद्या दुपारी पुन्हा भेटा."

"तो स्वतःच बदलून आपल्याला गंडवत असेल," फोन बंद झाल्यावर वेंडेल म्हणाला. "ते हातमोजे बघितलेस?"

"बघितले. तू मात्र फक्त हातमोजेच बघितलेस."

*

दुसऱ्या दिवशी सगळे क्लाइडच्या दुकानात जमले. लोर्ना खुर्चीत ताठ बसली होती, मार्जी तिच्या मागे उभी होती. डॉक्टर गल्ल्यावर टेकवलेल्या पडद्यावर होता.

"पट्टी कुणी बदलली हे शोधत बसले असते तर मी अजून शोधत असते," सिग्नेने सुरुवात केली. "बनावट पट्टीवर कुणाचं नाव नसतं. म्हणून मी दुसरंच शोधलं. बंदूक कुणी पुसली?"

"पुसली?" लोर्ना दचकली.

"फोटोत आयनारच्या अंगठ्याची खूण आहे. शिवाय मार्जीने हातमोज्यांशिवाय रायफल धरली, तेव्हा तिचेही डाग असणार. तशीच तू ती कुलपात ठेवलीस. पण डॉक्टरांनी झाकण उघडलं तेव्हा पोलाद तेल लावून लख्ख होतं आणि खूण नव्हती."

पडद्यावरचा डॉक्टर पुढे झुकला. "मला कसं दिसलं नाही?"

"नसलेल्या दोषाची तक्रार कोण करतं? तुम्ही जास्तीचं वैगुण्य शोधत होतात. एक वैगुण्य कमी झालंय हे कोण बघणार! तुम्ही पट्टी बदलली असती, तर निगेचं कौतुक आपणहून माझ्यापुढे केलं नसतं. आणि चित्रफितीत खोकं बंद आहे, मग झाकण उघडतं, आणि रायफल आधीच पुसलेली आहे. म्हणजे तुम्ही नव्हे. मार्जीने बदलली असती तर कुलूप लागायच्या आधी, आणि लोर्नाने ठेवताना खूण पाहिली होती. म्हणजे तीही नव्हे. उरला तो एकच मुक्काम, हे दुकान. इथे त्या केसची चावी आहे."

वेंडेलने क्लाइडकडे पाहिले. क्लाइड जमिनीकडे पाहत होता.

"चोराने बोटांचे ठसे जावेत म्हणून पुसलं?" वेंडेलने विचारले.

"नाही रे. चोर म्हणून पुसलं असतं तर एकवेळ बरं. त्याने पुसलं, कारण त्याला दुसरं काही येतच नाही. काल तुझं बोट लागलं तेव्हा त्याचा हात बघितलास? नजर माझ्याकडे, हात फडक्याकडे. ज्या बंदुकीतून तो चोरी करत होता, तिलासुद्धा गंज लागू नये एवढी काळजी त्याच्या हाताने घेतली. बाजारातल्या कुठल्याही लबाडाकडून ही चूक झाली नसती." सिग्ने थांबली. "आणि नक्कल बघून फक्त बनवणाराच खाच रुंद पडल्याचं दुःख करतो. पट्टी कुठंय, क्लाइड?"

क्लाइडने शर्टाच्या आतल्या खिशातून लोकरीच्या कापडाची घडी काढली आणि गल्ल्यावर उलगडली. पट्टी हाताच्या बोटाएवढीच होती. खिडकीचा उजेड तिच्या कडांवरून पाण्यासारखा ओघळला.

"नक्कल मी कित्येक वर्षं घडवत होतो," तो म्हणाला. "विकायला नाही, आजोबांचा हात मला येतो का बघायला. मग रायफल चालली वायोमिंगला, कुलूपबंद तिजोरीत. वाटलं, कोण ओळखणार? लोर्ना, आयनारच्या नावाला बट्टा लागेल हे डोक्यातच आलं नाही. ओरड झाल्यावर बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही माझं."

"पट्टीचं जाऊ दे," लोर्ना म्हणाली. "खूण पुसलीस तू."

"मी बघितलीच नाही गं." त्याचा आवाज फुटला. "बघितली असती तर... चाळीस वर्षं त्याचा हात ओळखतो मी."

मग पडद्यावर डॉक्टरने हातमोजे काढून बाजूला ठेवले.

"बाई, शेरा मी लिहितो," तो म्हणाला. "आयनार स्कार यांच्या रायफलीचं वर्णन शेवटच्या स्क्रूपर्यंत खरं होतं, असा. मात्र एक अट आहे. ही पट्टी ज्याने काढली त्यानेच इथे येऊन बसवावी. आणि ती नक्कल त्याने परत न्यावी. खाच रुंद असेल, पण मला ओळखायला आख्खी रात्र लागली."

क्लाइडने मान हलवली.

लोर्ना उठून गल्ल्यापाशी आली. तिने पट्टी उचलली आणि उजव्या हाताचा उघडा अंगठा तिच्या पोलादावर टेकवला, घट्ट, सावकाश. मग ती पट्टी तिने लोकरीवर ठेवली.

"डॉक्टर, चालेल ना?"

"चालेल. वर्णनात लिहून ठेवतो. साफ केलेली नाही."

क्लाइडचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला.

"पुसू नकोस," लोर्ना म्हणाली.

हात खिशाच्या तोंडाशी थबकला. वेंडेल पाहत राहिला. अवजड गाडी चढावर अडवून धरावी तसा क्लाइडने तो हात अडवून धरला होता. मग क्लाइडने बोटे मिटली, रिकामा हात बाहेर काढला आणि अंगठ्याच्या ओल्या खुणेवर लोकरीची घडी अलगद, कुठेही न घासता, मिटली.